साडेअकरा लाख कुकर

ओट्याखालची लाल टाकी आधी मोजायला घेऊ. आत १४.२ किलो गॅस. हा गॅस किलोमागे साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता देतो, म्हणजे भरल्या टाकीत झाली जवळपास ६५० मेगाज्यूल. मेगाज्यूल काही मोंढ्यात तोलून मिळत नाही, तेव्हा त्याला आपल्या मराठवाड्याच्या मापात आणू. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार बसवली आणि टाकीतली सगळी उष्णता, कणभरही वाया न जाता, तिच्या कामाला लावता आली तर ती मोटार किती वेळ चालेल? सलग ४८ तास. दोन दिवस आणि दोन रात्री, एका टाकीवर!

याहून मोठं माप हवं असेल तर तेही लातूरकडे आहे. एप्रिल २०१६. मांजरा धरण आटलेलं, शहराचे नळ कोरडे, आणि मिरजेहून पाणी घेऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास धावत रेल्वे आली. तिचं नाव जलदूत. पहिल्या खेपांना १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी, पुढे ५० वाघिणी आणि २५ लाख लिटर. अशा १११ खेपा झाल्या, २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी लातूरला पोचलं. आता त्यातली पन्नास वाघिणींची एक अख्खी गाडी एका विहिरीत रिकामी झाली असं धरा, आणि पाणी काठापासून ८५ फूट खाली आहे असंही धरा. ते सगळंच्या सगळं पाणी, २,५०० टन, काठापर्यंत उचलायला जेवढी ऊर्जा लागेल तेवढी ओट्याखालच्या त्या एका टाकीत भरलेली आहे. कुठलंच यंत्र सगळी उष्णता कामाला लावू शकत नाही, हे खरं. पण ठेव तर तेवढी आहेच!

आणि ती ठेवली आहे केवढ्याशा जागेत. आतला गॅस दाबाखाली पातळ होऊन बसलेला, सव्वीसेक लिटर, म्हणजे दोन बादल्या. तोच मोकळा सोडला तर साडेसहा हजार लिटर होईल. गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाक्या साडेसहा भरतील. तो पूर्ण जाळायला लागणारी हवा मोजली तर दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशा सहा खोल्या रिकाम्या होतील. टाकीच्या आत हा गॅस चौरस सेंटिमीटरला पाच-सहा किलोच्या दाबाने बाहेर पडायला बघत असतो, वैशाखात त्याहून जोरात. आणि शेगडीच्या नळीत तो येतो अवघ्या ३० ग्रॅमच्या दाबाने. मधे काय आहे? रेग्युलेटर. मुठीएवढं खेळणं, आत एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग, आणि दाब दोनशे भागांतला एक भाग करून टाकलेला. रोज शंभरदा बघतो आपण त्याच्याकडे, आणि कधी नमस्कार केलेला नाही.

चांगल्या शेगडीने या उष्णतेतला किमान ६८ टक्के वाटा भांड्याला द्यावा, असं भारतीय मानक सांगतं. तेवढाच धरून चहा टाकू. कपभर पाणी उकळायला लागणारी उष्णता आणि टाकीतली उष्णता यांचा भागाकार केला की येतात नऊ हजारांवर कप! गाडीत पंधराशे माणसं धरली तर सहा गाड्यांमधल्या एकेका प्रवाशाला एकेक कप मिळेल, एका टाकीत. देशात घरगुती गॅसची ३२ कोटींहून जास्त जोडण्या आहेत. प्रत्येक घराची एकच टाकी घेऊन त्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर रांग एक लाख किलोमीटर होते. मुंबई-पुणे अंतर साडेसहाशेपेक्षा जास्त वेळा. पृथ्वीला अडीच वेढे.

या रांगेत १० कोटींहून जास्त टाक्या उज्ज्वला योजनेच्या. ती सुरू झाली १ मे २०१६ रोजी, उत्तर प्रदेशात बलियाला. म्हणजे इकडे मिरज-लातूर मार्गावर जलदूत धावत होती, त्याच दिवसांत. त्याआधी आपल्याकडच्या कितीतरी घरांत काय जळत होतं? तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचं जळण, गोवऱ्या. चूल काय ते मापात आणू या, कारण इथले आकडे खरोखर छाती दडपवतात.

२०११ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्यात २४ लाख ५४ हजार माणसं होती आणि नांदेड जिल्ह्यात ३३ लाख ६१ हजार. दोन्ही मिळून ५८ लाख. घरटी पाच माणसं धरली की झाली ११ लाख ६० हजार घरं. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे सारखा लागणार आहे. तीन दगडांच्या चुलीत शंभर भाग उष्णतेतले दहा-पंधराच भाग भांड्याला लागतात. बाकीचे भिंतीला, धुराला आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या तोंडाला. म्हणून जळण फार लागतं. माणशी रोज एक किलो धरू. हा हिशेब फुगवलेला नाही. या दोन जिल्ह्यांत सगळ्यांनी चुलीवरच रांधलं तर रोज ५८ लाख किलो जळण! दहा टनी ट्रक ५८०. ट्रकमागे दहा मीटर जागा दिली तर ट्रकांची रांग रोज पावणेसहा किलोमीटर. आणि वर्षाची? २,१०० किलोमीटर. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस निघते आणि अर्धा देश ओलांडून अमृतसरला पोचते, तो सगळा लोहमार्ग झाकायला पुरेल अशी जळणाच्या ट्रकांची रांग. दर वर्षी एक. आणि यातला मोठा वाटा ट्रकाने आलाच नसता. तो बायकांच्या डोक्यावरून आला असता, मोळी-मोळीने.

इथे पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेचं नाव घ्यायलाच हवं. डॉ. आनंद कर्वे यांची ही संस्था. ऊस तोडल्यावर शेतात उरणारं पाचट शेतकरी पेटवून देतात. लातूर हा उसाचा जिल्हा, इथे ते धुराचे लोट कोणाला नवे नाहीत. कर्व्यांच्या मंडळींनी त्या पाचटाचा कोळसा केला, त्याच्या कांड्या पाडल्या, आणि २००२ मध्ये या कामाला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांसाठी त्यांनी एक कुकर केला, ‘सराई’. खाली छोटी शेगडी, वर एकात एक बसणारे डबे, भोवती पत्र्याचं आवरण, तळाला जेमतेम पेलाभर पाणी. पाच माणसांचा वरण-भात-भाजी शिजायला कोळसा किती लागतो? १०० ग्रॅम! पुन्हा वाचा, शंभर ग्रॅम. चुलीच्या हिशेबाने दोन जिल्ह्यांना रोज साठ टनी वाघिणी लागल्या असत्या ९७. सराईच्या हिशेबाने दोन्ही वेळचा स्वयंपाक धरूनही चार वाघिणींच्या आत. ९७ कुठे आणि ४ कुठे! आणि जादू कसली? उष्णता पळू द्यायची नाही आणि वाफेला बांधून ठेवायचं, एवढीच.

वाफेकडे पुन्हा येऊच. त्याआधी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, जिथे मिक्सर बसलेला असतो.

१९६० च्या सुमारास मुंबईत माधुरी माथूर यांच्या घरात परदेशी मिक्सर होता. आपल्या वाटण-घाटणाला त्याची मोटार टिकेना, ती जळाली. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथूर सीमेन्समध्ये अभियंता. त्यांनी बायकोला शब्द दिला की इथल्या स्वयंपाकाला पुरून उरेल असं यंत्र मीच करतो. १९६३ पासून ‘सुमीत’ हे नाव सुरू झालं आणि पुढची तीसेक वर्षं मिक्सर म्हणजे सुमीत अशी स्थिती होती. सुकी हळकुंडं, भिजवलेली डाळ, खोबरं, वाळलेली मिरची: पाश्चात्त्य स्वयंपाकघराने जे कधी पात्याखाली घातलं नव्हतं ते सगळं पेलणारी मोटार हवी होती, आणि ती मुंबईत झाली.

आता भांडं उलटं करून ते पातं बघा. पोलादाची चिमुकली फुली, टोकापासून टोकापर्यंत जेमतेम सात सेंटिमीटर. मोकळं फिरताना ते मिनिटाला १८,००० फेरे घेतं. सेकंदाला ३००! पापणी लवते तेवढ्यात शंभराच्या घरात. जातं मिनिटाला चाळीस फेऱ्यांनी ओढलं, न थांबता ओढलं, तर १८,००० फेऱ्यांना साडेसात तास लागतील. पहाटे चारला बसलेली बाई साडेअकराला उठेल. मिक्सरला एक मिनिट.

पात्याच्या टोकाचा वेग काढू. ताशी २३७ किलोमीटर. वंदे भारत रुळांवर जास्तीत जास्त १६० ने धावते, हे टोक तिला मागे टाकून जातं, आणि तेही जागचं न हलता! शेंगदाण्याची चटणी करायला तीन मिनिटं लागली तर ते टोक बारा किलोमीटर गेलं. ३८ मिनिटं चालवलं तर मुंबईहून निघून पुण्यात. आणि एवढ्या लहान वर्तुळात एवढ्या वेगाने फिरायचं म्हणजे बाहेर फेकणारी ओढ केवढी! गुरुत्वाकर्षणाच्या साडेबारा हजार पट. चार ग्रॅमची लसणाची पाकळी त्या टोकाला चिकटून फिरली तर तिचं वजन ५० किलो भासेल. मोंढ्यात हमाल पाठीवर घेतो तो अख्खा कट्टा, एका पाकळीत. तिचा चेंदामेंदा होतो यात नवल नाही. नवल हे की पातं जागेवर राहतं, बुश टिकतं, आणि भांड्याचं झाकण एका हाताने दाबून धरता येतं.

इंडक्शन शेगडी त्याहून शांत आणि त्याहून वेगवान. भिंतीतल्या सॉकेटमध्ये येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. शेगडीतलं सर्किट कॉइलसाठी ही आवर्तनं पाचशे पटीने वाढवून २५,००० च्या आसपास नेतं. काच स्वतःहून तापत नाही, भांड्याचा तळच तापतो, आणि विजेतला ८५ टक्क्यांच्या आसपास वाटा भांड्यात उतरतो. एका युनिटात साडेनऊ लिटर पाण्याला उकळी. हे मोठं आहे, पण मायक्रोवेव्हपुढे काहीच नाही. त्याच्या लहरी सेकंदाला २४५ कोटी वेळा कंप पावतात. दोनशे पंचेचाळीस कोटी! सेकंदाला एक या गतीने, न झोपता, न जेवता मोजायला बसलं तर हे एका सेकंदाचे कंप मोजायला ७७ वर्षं लागतील. कालची भाजी दोन मिनिटं गरम केली तर त्या दोन मिनिटांच्या मोजणीला ९,३०० वर्षं. एका वाटीभर भाजीपायी!

आणि तरीही, या सगळ्यांत मला सर्वांत थोर वाटतो तो कुकर. त्याला वायर नाही, कॉइल नाही. तीनेक मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम, एक रबरी रिंग, एक शिट्टी, एक सेफ्टी व्हॉल्व्ह. नांदेडच्या गल्लीत सकाळी आठला कुठल्याही घरापुढून जा, आतून हाक ऐकू येतेच: ‘अगं, किती झाल्या? तीन झाल्या की बंद कर!’ ज्या घरात घड्याळ बंद पडलंय तिथेही वेळ शिट्ट्यांनी मोजली जाते.

त्याचं मूळ बघा किती मागे जातं. १६७९ साल, शिवाजी महाराज अजून रायगडावर होते. तिकडे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने एक बंद भांडं मांडलं, ज्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजन लावलेली झडप बसवली, आणि तीच आपल्या शिट्टीची पणजी. वाफेला कोंडलं की ती रेटा देते, हे त्याच्या मनात इतकं ठसलं की १६९० मध्ये त्याने वाफेने सरकणाऱ्या दट्ट्याची कल्पना मांडली. त्या वाटेने पुढे वाफेचं इंजिन आलं, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, आणि १९११ मध्ये अडीच फुटी रुळांवरून धापा टाकत बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोचली. पुढे हाच मार्ग मिरजेपर्यंत गेला, रुंद झाला, आणि त्यावरूनच जलदूत आली. म्हणजे वरणाचा कुकर थोरला आणि रेल्वे धाकटी! त्या इंजिनातला दाब कुकरच्या साधारण दहापट, पण घराणं एकच. मुंबईत हॉकिन्सने कुकर करायला सुरुवात केली ती १९५९ मध्ये. लंडनच्या त्या प्रयोगापासून २८० वर्षं.

आता आत शिरू. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर. दर तीनशे मीटरला पाण्याची उकळी एक अंशाने उतरते, म्हणून लातुरात उघड्या भगुन्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. खाली कितीही जाळ घाला, त्यापुढे ते जात नाही. जादा जाळ नुसती वाफ करून उडवतो. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढतो आणि उकळी जाते १२० अंशांवर. हा जादा दाब किती? ३३ फूट पाणी भरलेल्या विहिरीच्या तळाशी असतो तेवढा. तुमची तूरडाळ त्या विहिरीच्या तळाला बसून शिजत असते, ओट्यावर! दर दहा अंशांना शिजण्याचा वेग साधारण दुप्पट, म्हणून वीस-बावीस अंशांत तो चौपटीच्या वर. भगुन्यात तासभर घेणारी डाळ पाव तासात लोण्यासारखी.

झाकणाकडे बघा. पाच लिटरच्या कुकरचं झाकण वीसेक सेंटिमीटर रुंद धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर आतून एक किलोचा रेटा. बेरीज ३१४ किलो! तीन क्विंटलांच्या वर. तुरीचे पन्नास किलोचे सहा कट्टे झाकणावर ठेवले तरी झाकण वर ढकललं जाईल, इतका आतून जोर. आतून बसणाऱ्या झाकणाची युक्ती तर बघतच राहावी अशी आहे: लांबट झाकण तिरकं करून आत घालायचं, मग वाफच त्याला काठाशी दाबून धरते. जितका दाब जास्त, तितकं ते घट्ट. आत वाफ असताना ते कोणालाच उघडता येत नाही, पहिलवानालाही नाही.

आणि या तीन क्विंटलांवर हुकूम कोणाचा? शिट्टी तळहातावर घ्या. काळी टोपी, आत धातूचा जड गोळा, खाली बारीक भोक. झाकणावरच्या नळीचं तोंड तीन मिलिमीटरचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणून त्यावर ठेवायचं वजन फक्त ७० ग्रॅम. सत्तर ग्रॅम! झाकण त्या भोकाच्या ४,४०० पट, म्हणून रेटाही ४,४०० पट. दाब हद्दीबाहेर जायला लागला की वाफ त्या सत्तर ग्रॅमला उचलते, सुटते, दाब उतरतो, शिट्टी परत बसते. ना बटण, ना मीटर. आणि भोकात डाळीचा दाणा अडकलाच तर शेजारचा सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतः वितळून वाट करून देतो. मेणबत्तीसारखा जीव देणारा हा लहानसा राखणदार बदलायला फार पैसे पडत नाहीत. जुना झाला असेल तर आजच बदलून घ्या.

ती सुटणारी वाफ भोकाशी किती वेगाने जाते? सेकंदाला ४५० मीटरच्या जवळपास, म्हणजे ताशी १,६०० किलोमीटर. वंदे भारतच्या दहापट! त्या वेगाने मुंबई-पुणे साडेपाच मिनिटांचं. हातभर अंतरात ती हवेत मिसळून थकते, पण भोकाच्या तोंडाशी, तुमच्या ओट्यावर, हा वेग रोज सकाळी निघतो.

आता तो ११ लाख ६० हजारांचा आकडा काढा. लातूर-नांदेडच्या प्रत्येक घरात एक कुकर, दिवसातून एकदा डाळ.

पाणी आधी. कोणी उघड्या भगुन्यात तासभर डाळ शिजवली तर निदान अर्धा लिटर पाणी वाफ होऊन जातं. कुकर ते वाचवतो. घरटी अर्धा लिटर, ११ लाख ६० हजार घरं: रोज ५ लाख ८० हजार लिटर. जलदूतच्या पहिल्या खेपेत लातूरला आलं होतं त्याहून जास्त पाणी, रोजच्या रोज, नुसतं झाकण लावून! वर्षाचं धरलं तर २१ कोटी लिटरच्या पुढे. १११ खेपांमध्ये मिरजेहून आलं ते २६ कोटी. आणि त्या पाण्याची वाफ मोजाल तर पाण्याच्या १,६७० पट: दहा-दहा-दहा फुटांच्या ३४,००० खोल्या गच्च भरतील, एका सकाळी.

मग गॅस. पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सात पट ते उडवून द्यायला लागते. अर्धा लिटर उडवायला ३६ ग्रॅम गॅस. ऐकायला चिमूट. ११ लाख ६० हजारांनी गुणा: रोज ४१ टनांच्या वर, म्हणजे २,९०० हून जास्त टाक्या. ट्रकमध्ये तीनशे टाक्या धरल्या तर रोज दहा ट्रक. टाकी साडेआठशे रुपयांना धरली तर रोजचे २५ लाख, वर्षाचे ९० कोटी रुपये. नुसती वाफ न उडवण्याचे!

आणि वेळ. हा आकडा मी दोनदा तपासला, कारण विश्वासच बसेना. डाळीमागे अर्धा तास वाचला असं धरू. ११ लाख ६० हजार घरांत अर्धा-अर्धा तास म्हणजे ५ लाख ८० हजार तास. दिवसांत करा, वर्षांत करा: ६६ वर्षं. रोज ६६ वर्षं! एका माणसाचं जवळजवळ अख्खं आयुष्य, या दोन जिल्ह्यांतल्या स्वयंपाकघरांत, बहुतेक बायकांच्या वाट्याला, रोज परत येतं. आज एक, उद्या आणखी एक. वर्षाअखेर २४,००० वर्षं.

शेवटचा गुणाकार राहिला, आणि तो सगळ्यांत मोठा. समजा एखाद्या सकाळी, घड्याळात बरोबर साडेआठ वाजता, उदगीरपासून किनवटपर्यंत आणि निलंग्यापासून हदगावपर्यंत हे सगळे ११ लाख ६० हजार कुकर एकाच क्षणी शिट्टीला आले. प्रत्येक झाकणावर ३१४ किलोंचा रेटा. गुणा. ३६ कोटी ४० लाख किलो! टनांत ३ लाख ६४ हजार. कोळशाने भरलेली ५८ वाघिणींची मालगाडी सुमारे ४,७०० टनांची. भागा. ७७ मालगाड्या! काठोकाठ भरलेल्या ७७ मालगाड्यांचं वजन, आणि तेवढा रेटा दोन जिल्ह्यांच्या ओट्यांवरून एकदम आभाळाकडे. त्या गाड्या एकामागे एक लावल्या तर रांग ५० किलोमीटर. पहिलं इंजिन नांदेड स्टेशनात उभं असेल, तर शेवटची वाघीण पूर्णा ओलांडून परभणीकडे गेलेली. आता त्या साऱ्यांचा दाब कुठे थांबवायचा हे ठरवणाऱ्या शिट्ट्या तराजूत टाका. सत्तर ग्रॅम गुणिले ११ लाख ६० हजार. ८१ टन. भरलेल्या एका वाघिणीचं वजन तेवढंच असतं. ७७ गाड्यांच्या जवळपास साडेचार हजार वाघिणी एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात एकच!